पांघरुणाखालचा लॅपटॉप

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळीतून चिमट्याने धुळीची एक पट्टी ओढली. ती न मोडता अख्खी निघाली. दुकानात माझ्या शेजारी बसलेली मुलगी आणि तिचे वडील आपल्या लॅपटॉपमधली ती धूळ बघत होते.

“पंखा जळलाय, ताई. हा बंद कधी करता?”

“करतच नाही. यातली माझी गाणी वाचतील ना?”

“गाणी आहेत. पण बंद का नाही करत?”

“गाणी बनवायचं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं तरच चालतं. ते खातं बाबांचं, म्हणून दर वेळी उघडताना त्यांचा पासवर्ड लागतो.”

“मग मागायचा गं! मी कधी नाही म्हटलंय?”

“नाही म्हणत नाही, बाबा. ‘आली का पुन्हा पिपाणी?’ म्हणता. मग हाताने कीबोर्ड झाकून पासवर्ड टाकता. तोवर सुचलेली चाल डोक्यातून जाते.”

“म्हणून रात्रभर चालू ठेवतेस?”

“त्याचा दिवा तुम्हाला दिसू नये म्हणून वर पांघरूण घालते.”

“पांघरूण! काका, गुदमरला हो बिचारा.”

“मला वाटायचं, पासवर्ड दिला की ही अभ्यास सोडून यातच बुडेल.”

“अभ्यास कधीच संपला, बाबा. नोकरी करतेय मी.”

“...हो. करतेस.”

“काका, नवा पंखा बसवतो. पण असंच चाललं तर तोही जाईल.”

“नुसता पंखा नको. हिचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा.”

“आणि तुमचं?”

“माझं साधं ठेवा. मला काही लागलं तर हिला विचारीन.”