यादीतली तिसरी ओळ

कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिममधलं मला सगळं कळतं असं म्हणू नका यार, मी माझ्याच पप्पांना आठ दिवस रडकुंडीला आणलंय.

पप्पा मरोळच्या कारखान्यातले रिटायर्ड फिटर. रोज संध्याकाळी एका बोटाने कारखान्याच्या आठवणी टाईप करायचे. कॉम्प्युटर लावला की कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारी बूटलोडरची यादी येते. त्यांना एवढंच पाठ होतं: दोनदा खाली, मग एंटर.

मी लिनक्स अपग्रेड केलं, बूटलोडर अपडेट केला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवसापासून पप्पांचं टायपिंग बंद. विचारलं तर म्हणे, "डोळे दुखतायत गं."

आठव्या दिवशी हळूच म्हणाले, "माझ्या हातून कॉम्प्युटर बिघडला वाटतं. नुसते आकडे पळतात."

यादीचा क्रमच बदलला होता! तिसऱ्या ओळीवर आता मेमरी टेस्ट आली होती, कॉम्प्युटरची मेमरी तपासत नुसते आकडे पळवणारी.

"पप्पा, चूक माझी आहे हो."

त्यांची ओळ मी सगळ्यात वर आणली आणि तिला नाव दिलं, 'पप्पा'.

कॉम्प्युटर परत लावला तेव्हा यादीतलं ते नाव ते बघतच राहिले. "आयुष्यभर मशिनी जोडल्या, पण त्यांच्यावर नाव नेहमी मालकाचंच असायचं."

तेवढ्यात यादी पडद्यावर थांबते ती दहा सेकंदं संपली आणि कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. पप्पांनी तो लगेच बंद केला.

"आता काय झालं?"

"काही नाही गं. परत बघायचंय."