धुक्यातलं क्लोव्हर

दुराझ्नोला जाणाऱ्या बसमध्ये इर्माच्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"अहो आन्सेल्मो, गाई कुठं सोडल्यात?"

"तुझ्या नव्या मिश्र चाऱ्याच्या रानात. ओट, मुळा, क्लोव्हरचं हिरवं गवत. पेरल्यापासून डोकं खात होतीस ना माझं?"

"आधी वाळलं गवत घातलंत?"

"बस चुकली असती, डेल्मिरा."

"म्हणजे उपाशीपोटी ओल्या क्लोव्हरमध्ये! अहो, पोटं फुगून मरतील त्या!"

"दव सुकलं असेल आता."

"एवढ्या धुक्यात? वॉल्टरला फोन लावा."

"शेजाऱ्याला काय सांगू? म्हाताऱ्याला अक्कल नाही?"

"तेच सांगा. नाहीतर द्या इकडे."

फोन बराच वेळ नुसताच वाजत राहिला.

"वॉल्टर, बाळा, आमच्या गाई जरा बघ रे... काय? आडवी झालीय? कोणती?... बरं. बाकीच्या आधी बाहेर काढ. गुरांच्या डॉक्टरांना मी बोलावते."

"कोणती गं?"

डेल्मिरा फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधू लागली.

"डेल्मिरा, कोणती?"

"गाभण गाय."

त्यांना उतरता यावं म्हणून मागच्या बाकावरच्या इर्माने हात वर करून घंटीची दोरी ओढली. बस थांबायच्या आतच म्हातारा दाराकडे धडपडत निघाला.

"सावकाश," मागून डेल्मिरा म्हणाली. "तुम्ही पडू नका आता."