नकाशावरचं कुंकू

आपल्या वाचनालयातल्या मोठ्या नकाशावर तो लाल डाग कसला, असं नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. ऐका तर.

मी काशीहून शिकून चोपड्याला परतलो ते एकच ध्यास घेऊन, की ज्ञान सर्वांना खुलं हवं. दिवाळीत वाचनालयाचं उद्घाटन केलं आणि जाहीर सांगितलं, "कोणीही प्रश्न विचारा, इथे उत्तर शोधू."

दारातच उभी असलेली, जिनिंग कारखान्यात कापूस निवडणारी सखूअक्का म्हणाली, "भाऊ, बसरा कोनती बाजूले शे? मना भाऊ तठे लढाईवर जायेल शे. बराच दिन व्हयनात, कागद नही."

आमचे अध्यक्ष नाना हसले. "अक्का, हे वाचनालय आहे, पोस्ट नव्हे."

मी तिला आत बोलावलं आणि नकाशावर इराकातलं बसरा दाखवलं, जिथे इंग्रजांची तुर्कांशी लढाई चालू होती. ती कितीतरी वेळ तिथेच बघत राहिली.

भाऊबीजेला ती तबक घेऊन हजर. भाऊ दूर असला की आपल्याकडे बहिणी चंद्राला ओवाळतात, हे मी तिला सांगायला गेलो.

"चांद बठ्ठासना शे, सारा जगना," ती नकाशाकडे बोट करून म्हणाली. "मना भाऊ आठे शे."

"दिवा आत नको, कागद पेटेल!" नाना ओरडले.

तिने निरांजन उंबऱ्याबाहेर ठेवलं, नुसत्या सुपारीने नकाशाला ओवाळलं आणि बसऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

लढाई संपली. भाऊ आला नाही. अक्का मात्र दर भाऊबीजेला तबक घेऊन येते.

परवा नाना म्हणाले, "नकाशा जुना झाला, नवा मागवू." मग थांबून स्वतःच म्हणाले, "पण भाऊबीज होऊन जाऊ दे. अक्का येईल."