गोरी दार लावून बसते

हातपंपावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या: सिरा आणि कालच माहेराहून परतलेली तिची शेजारीण बिंकी.

“काय गं सिरा, गावाचं काम करायला परदेशातून आलेली गोरी तुझ्याकडे राहते म्हणे?”

“गोरी काय म्हणतेस! आम्ही तिचं नाव तिदा ठेवलंय, माझ्या सासूचं.”

“म्हणजे परत सासुरवास!”

“कसला सासुरवास! तिसऱ्याच दिवशी भर दुपारी खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.”

“एकटीच?”

“एकटीच!”

“आजारी होती?”

“आम्हालाही तेच वाटलं. मी शेंगदाण्याची लापशी नेली, सवतीनं पाला उकळला, मौलवींनी पाणी फुंकून दिलं. नऊ जणी तिच्या पलंगावर बसलो. तर म्हणते, मला जरा एकटं राहायचंय.”

“शी! वैऱ्यालाही कुणी एकटं ठेवत नाही.”

“मी तर रडलेच. म्हटलं, ही आता पळणार. मग पाळ्याच लावल्या. एक उठली की दुसरी जाऊन बसायची.”

“गुण आला?”

“काल आम्ही सगळे पलीकडच्या वाडीत बारशाला गेलो. ती गाढ झोपली होती, म्हणून उठवलं नाही.”

“मिळाला म्हणायचा एकांत!”

“कसला एकांत! उन्हातून धावत आली. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. आणि अख्ख्या बारशासमोर, आपल्या मांडिंका बोलीत, चांगली खणखणीत, माझ्यावर ओरडली, ‘मला एकटीला टाकून आलात?’”

“अगं बाई! चारचौघांत?”

“हो ना! अगदी सासूबाईच!”