अठरावी ओळ

नाही हो साहेब, एकट्या तुमच्याच नावावर सोनेरी हात मारता येणार नाही. वरचा काळवंडलेला, खालचा काळवंडलेला आणि मधेच तुम्ही नवरदेवासारखे चमकताय — बरं दिसेल का ते? उद्या बाकीचे येतील भांडायला. आले नाहीत तरी हेडबाई येतील, आणि त्या एकट्या चाळिसांना भारी आहेत. — हो, हो, कळलं मला. मुलगी आत प्रवेशाचा पेपर लिहितेय, बाहेर आली की तिला इथे उभी करून दाखवायचंय — बघ, बाबांचं नाव. दाखवा की! पुसट झालं असलं तरी वाचता येतंय. दुसरा कॉलम, खालून आठवं. मला विचारायची गरज नाही, पाठ आहे, कारण ते मीच लिहिलंय. थट्टा नाही करत. पहिल्या आलेल्यांच्या या फळ्यावरचं माझ्या हातचं पहिलं नाव तुमचं. आडनावाची वेलांटी बघा, जरा लचकलीय ना? नवा हात होता. पंचवीस वर्षं झाली, दर वर्षी इथे चढलो की आधी ती वेलांटी दिसते. तुम्हाला आजवर दिसली नव्हती? बरोबर आहे, आपल्या नावात कोण खोट काढतो.

जरा असे सरका, उजेड अडतोय. हां. बसा त्या स्टुलावर, शिडीला मात्र टेकू नका. पेपर साडेअकराला सुटेल, अजून तास आहे. — छे छे, तुमच्यामुळे काम अडलेलं नाही. काम अडलंच आहे. आठ वाजल्यापासून ब्रश हातात धरून बसलोय, डबीतला रंग तीनदा ढवळून झाला. एकच नाव लिहायचंय, यंदा बारावीत पहिली आलेल्या मुलीचं. हेडबाईंनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलंय. खरं तर अर्ध्या तासाचं काम.

मी पण इथलाच, बरं का. बघा, दचकलात! शाळेचा माजी विद्यार्थी म्हटलं की लोकांना डॉक्टर दिसतो, इंजिनियर दिसतो, तुमच्यासारखा टाय लावलेला दिसतो. शिडीवरचा पेंटर नाही दिसत कुणाला. पण होतो, पाचवी ते नववी, आणि नववी दोनदा. गणिताचे सर मला फडका म्हणायचे. फळा पुसायला तेवढा उपयोगी म्हणून फडका. सगळा वर्ग म्हणायचा, मग मीही म्हणायला लागलो, आपणच म्हटलं की कमी लागतं. चित्रकलेचे सर तेवढे एक चांगले, त्यांनी मला सामानाच्या खोलीत बसू दिलं, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं आणि मी शाळा सोडल्यावर कित्येक वर्षांनी, त्यांचे डोळे गेले तेव्हा, हे फळ्याचं काम मला दिलं. बस. या एवढ्या मोठ्या इमारतीत माझं एवढंच बरं झालं. आणि पोरीला काय सांगत होतो? की माझे आयुष्यातले सोन्यासारखे दिवस इथे गेले! रोज सांगायचो. जेवताना, अंघोळ घालताना, स्कूटरवर पुढे उभी करून नेताना — ती बघ, ती आपली शाळा.

पोरगी म्हणजे ठमी. खरं नाव वेगळं, ते कळेल तुम्हाला. ती जन्मली त्याच वर्षी हा दुसरा कॉलम भरला. मी इथेच होतो, शेवटचं नाव लिहून खाली उतरलो आणि सासऱ्यांचा निरोप आला, मुलगी झाली. मी पेढ्याबिढ्याचा विचार करायच्या आधी काय केलं असेल? परत शिडीवर चढलो. मोजलं. अठराव्या वर्षी बारावी, म्हणजे तिसऱ्या कॉलममध्ये अठरावी ओळ. हसा, हसा. बायकोपण हसली होती तेव्हा. — पण आता गंमत बघा. अठरावी ओळ नेमकी या ढालींच्या कपाटामागे जाणार होती. हे कपाट हलत नाही, भिंतीत ठोकलंय, त्यावर त्या कपांची रांग. खाली उभं राहून पाहिलं असतं तर माझ्या पोरीच्या नावाचं नुसतं डोकं दिसलं असतं. मग मी काय केलं — हे कुणाला बोलू नका — दर वर्षी दोन ओळींमधली जागा एक सूत कमी केली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या धंद्यातलं माप आहे. एक सूत कुणाच्या डोळ्यात भरतंय? पण अठरा वर्षांत सव्वादोन इंच वर येतं. आता मोजून बघा, तिसऱ्या कॉलममधली पोरं कशी खेटून उभी आहेत, आणि अठरावी ओळ कशी कपांच्या वर, उघडी, दारातून आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. सतरा हुशार पोरांना मी माझ्या पोरीसाठी दाटीवाटीने बसवलंय. एकाच्याही बापाची तक्रार आली नाही.

प्रवेशाचं काय, तो मिळाला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना तेव्हा चार जागा होत्या, आताही असतील, तुम्हीसुद्धा त्या फॉर्मवर खूण केलीच असेल. मी केली. किती वर्षं शिकलात, पुढे काय झालात, ते फॉर्मात विचारत नाहीत, देव त्यांचं भलं करो. ठमी पाचवीत आली. आणि पहिल्याच सुट्टीत, शाळा रिकामी होती, मी तिला घेऊन आलो, शिडीवर चढवली, एका हाताने धरली आणि म्हटलं, बघ. इथे, या ओळीवर, तिचं पूर्ण नाव. पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, अक्षरं मावतात का ते बघायला आधीच काढून ठेवलं होतं मी. वरच्या ओळी अजून कोऱ्या होत्या, सात वर्षं होती मधे, आणि खाली ती एकटी. मला वाटलं, पोर टाळ्या पिटेल. दहा वर्षांची पोर, साहेब. तिने बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि मला विचारलं — बाबा, हे पुसता येतं ना?

मी म्हटलं, येतं की, पेन्सिलच आहे. आणि हसलो. — हसलो हो! त्याच सुट्टीत पूर्ण फळ्याला वॉर्निश मारायचं होतं. ते मीच मारलं. त्या नावावरून मारताना थांबलो थोडा. मग म्हटलं असू दे, जपून राहील. वॉर्निशखाली गेलेली पेन्सिल पुसता येत नाही, मला माहीत नव्हतं असं नाही. माझाच धंदा आहे.

काय म्हणालात? — हो, हुशार होती. तेच तर. नापास नाही झाली कधी. सहावीत सातवी आली, सातवीत अकरावी, आठवीत मग विचारायचं बंद केलं आम्ही. दर वर्षी मी इथे नाव लिहायला आलो की ती घरी गप्प असायची दोन दिवस. मला वाटे वयाचं असेल. एकदा मी शिडीवर असताना त्यांचा वर्ग इथून रांगेने चालला होता. मी मुद्दाम हात नाही केला, म्हटलं मैत्रिणींसमोर हिला लाज नको. तिने मात्र वर बघितलं — माझ्याकडे नाही, त्या ओळीकडे. तेव्हासुद्धा मी खूश झालो, सांगा आता काय करायचं अशा माणसाचं.

नववीत होती. सकाळची प्रार्थना इथेच होते, तुमच्या वेळीही इथेच होत असेल. एका नावावर पाणी गळून डाग पडला होता, तो काढायला मी सकाळीच आलो होतो. येताना तिला फाटकाशी सोडलं, दप्तर खांद्यावर दिलं, जा म्हटलं. ती आत वळली ते मी पाहिलं. आणि प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी इथे, याच पायरीवर. इथून सगळी डोकी दिसतात. नववीच्या रांगेत मी तिचं डोकं शोधलं. एकदा शोधलं, दोनदा शोधलं, वेण्या मोजल्या. नव्हती. दुसऱ्या दिवशीही आलो, डाग निघाला होता तरी आलो. नव्हती. तिसऱ्या दिवशी नाही आलो मी. — कळलं ना तुम्हाला? मी येणंच बंद केलं. विचारलं असतं तर बाईंना कळलं असतं, बाईंना कळलं असतं तर नाव कापलं असतं पटावरून. म्हटलं, असेल काही, पोरांचं असतं, आठवड्यात येईल जाग्यावर. तीन महिने मी तिला रोज सकाळी फाटकाशी सोडत होतो. ती रोज आत वळत होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती. कुठे जायची? दवाखान्यात. मोठ्या दवाखान्याच्या बाहेर बाकं असतात ना, तिथे जाऊन बसायची शाळा सुटेपर्यंत. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही, असं म्हणाली नंतर. संध्याकाळी मी विचारायचो, आज काय शिकवलं? ती सांगायची. धडाबिडा सगळं व्यवस्थित सांगायची. मी ऐकून घ्यायचो.

मग शाळेचं पत्र आलंच. बायकोने तोंडावर विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हटलं, नाही. आजवर नाहीच म्हणतोय. आज तुमच्याजवळ कसं निघालं तोंडातून कुणास ठाऊक. तुमच्या त्या वेलांटीवरून सुरू झालं सगळं.

आता ना? आता मावशीकडे असते, दुसऱ्या गावाला. मावशीच्या दिरांचं दुकान आहे, तिथे खोकी बांधते. दहावी बाहेरून दिली, पुढे नको म्हणाली. घरी येत नाही. फोन केला तर हं म्हणते, बरं म्हणते, आईला द्या म्हणते. मागे एकदाच आपण होऊन बोलली. विचारलं, बाबा, पुसलंत का ते? मी म्हटलं, हो, केव्हाच. आईला द्या म्हणाली. माझं खोटं तिला ओळखू येतं, मला तिचं यायचं तसंच.

आणि आज यंदाचं नाव. चिठ्ठीवरची ही पोरगी. चांगली असेल, तिची काय चूक? अठरावी ओळ तिची आहे. पॉलिश पेपर आणलाय मी, पण घासलं तर पांढरा डाग पडेल, हेडबाई विचारतील हा कसला. नाही घासलं तर ठमीच्या नावावरच लिहायचं, सोन्याने, आणि ती खाली तशीच. इथे या, असं तिरकं बघा. दिसतंय ना? हे तिचं खरं नाव. जाड रंगाने झाकलं जाईल म्हणा. मी सोडून कुणाला दिसणारही नाही, आणि मला रोजच दिसेल.

का घातलीत मग इथे, असं आलंय तुमच्या ओठावर. तुम्ही विचारू नका, साहेब. तुमचं तर नाव आहे फळ्यावर, तुम्हाला कारण आहे. मी कशासाठी? मला वाटलं, माझं इथे जे नासलं ते तिच्या हातून नीट होईल. भिंत बिघडली तर आपण दुसरा हात देतो ना, तसं. पोर म्हणजे भिंत नाही, हे समजायला मला अख्खी पोर लागली.

घड्याळ नका बघू. पेपर सुटायला अवकाश आहे. पण — बसून ऐका, उठू नका एकदम. तुमची मुलगी निळ्या रिबिनीची ना? मघाशी तुम्ही सोडायला आलात तेव्हा पाहिली होती. ती बाहेर आलीय. केव्हाची आलीय. खिडकीच्या खालच्या काचा मीच रंगवल्यात, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून, तुम्हाला खालून नाही दिसायची. मला इथून दिसते. व्हरांड्यात, नळापाशी बसलीय. — नाही, रडत नाहीये. बुटाची नाडी सोडते, बांधते, परत सोडते. तुम्ही इथे आहात हे ठाऊक आहे तिला, दारापर्यंत येऊन मागे फिरली ती.

केव्हापासून? मी तुम्हाला तो एका सुताचा हिशेब सांगत होतो तेव्हापासून.

का नाही सांगितलं म्हणजे? — काय सांगू, साहेब. वरून मला सगळं दिसतं आणि मी सांगत नाही. सवय आहे.

जा. नाव नंतर दाखवा, ते कुठे पळून जातंय? आणि पेपर कसा गेला ते — जा, जा तुम्ही. जाताना दार तेवढं ओढून घ्या. मी लिहायला घेतोय, ओल्या रंगाला धूळ चालत नाही.