टिपरांची जुडी

...नाही, कौमुदी, सही मी करणार नाही. ते आधी स्पष्ट सांगते, मग बस हवं तेवढा वेळ. दोनच ओळींचं पत्र आहे, दिसतंय ना मला – 'टी-शर्टवरचे चित्र मंडळाने पाहून मंजूर केले होते', खाली अध्यक्ष म्हणून सुनेत्रा, म्हणजे मी – एवढ्यानं तुझ्या नवऱ्याची नोकरी वाचेल? बरं, वाचेलही कदाचित. पण मंडळाचं काय? बारा वर्षं चालवतेय मी हे स्टुटगार्टमध्ये. विसर्जनाच्या मिरवणुकीला इथे रस्ता मिळतो, तो काय आपोआप मिळतो? राटहाउसमधली, नगरपालिकेतली माणसं मला नावानं ओळखतात. त्यांना लिहून देऊ, की हो, साठ जणांच्या पाठीवर फॅसिस्टांचं चिन्ह आम्हीच छापलं?

रडू नकोस. टिश्यू तिकडे आहेत. तुझा दिनकर तसा नाही हे मला काय माहीत नाही? ढोलाची बारा टिपरं, त्यांची जुडी, मधून गणपतीचा परशु वर आलेला – पथकाची एकी दाखवायची होती त्याला. चित्र छानच होतं, मी कुठे नाही म्हणतेय? पण इथे टिपरू कोण ओळखतं? इथल्या माणसाला दिसते काठ्यांची जुडी आणि कुऱ्हाड. रोमन अधिकारी रस्त्यानं निघाला की त्याचे शिपाई हेच खांद्यावर घेऊन पुढे चालायचे – काठ्या फोडून काढायला, कुऱ्हाड मुंडकं उडवायला. मग दोन हजार वर्षांनी मुसोलिनीनं ती जुडी उचलली, फॅसिस्ट हा शब्दच तिच्या नावावरून आला. आणि आता ज्यांना हिटलरची चिन्हं इथे उघड मिरवता येत नाहीत, ते असलंच काहीतरी शोधतात – रोमन गरुड, रोमन अक्षरं – विचारलं की म्हणायला मोकळे, आम्हाला इतिहासाची आवड आहे! आपल्या स्वस्तिकाचंच बघ ना. तू तरी इथे दारात काढतेस? नाही ना? गेनाऊ, तेच तर. आपण काय म्हणून काढलं, ते कुणी विचारत नाही गं.

आणि दिनकरनंही कमाल केली. पेपरात मिरवणुकीचा पाठमोरा फोटो आला, त्याच्या टीममधल्या त्या इटालियननं तो बघितला – ज्याच्या आजोबांना मुसोलिनीच्या लोकांनी मारून मारून बहिरं केलं होतं, तोच ना? – आणि कँटीनमध्ये ताट उचलून तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. तर हा त्याच्या मागे गेला, हसत हसत! इट्स ओन्ली ड्रमस्टिक्स म्हणे! तिथे हसतात का? त्यात प्रोबेत्साइट चालू, पहिले सहा महिने, काढून टाकायला कारणसुद्धा द्यावं लागत नाही. कंपनीनं सोमवारपर्यंत खुलासा मागितला, ही त्यांची सभ्यताच म्हणायची.

मला एवढं सगळं कुठून माहीत? अगं, आमच्या मैथिलीला शाळेत लॅटिन आहे. छापखान्यातून नमुना आला होता ना, इथेच पडला होता, ती येता जाता बघून म्हणाली, 'ममा, दास झिंट फास्केस,' ही तर ती रोमन जुडी, आणि पुस्तक काढून दाखवलं मला, हुबेहूब तेच–

काय?

हो, नमुनाच म्हणाले मी. नाही – म्हणजे नंतर, शर्ट आल्यावर– बरं. आधी. छापायच्या आधी. झालं समाधान? एक फोन केला असता तर छपाई थांबली असती. उचललाही होता मी फोन. पण आदल्या आठवड्यात मीटिंगमध्ये तुझा नवरा सगळ्यांसमोर काय म्हणाला, आठवतंय? 'सुनेत्राताई, आता तुम्ही मार्गदर्शक व्हा, अध्यक्षपदाचं आम्ही बघतो.' मार्गदर्शक! आणि टाळ्या वाजल्या. ज्यांना मी हाताला धरून ऑफिसं दाखवली, घरं शोधून दिली, बाळंतपणात डबे पोचवले, त्यांनी वाजवल्या. तूही वाजवल्यास, मी बघत होते. मग ठेवला मी फोन. पेपरवाल्याला सांगितलं, फोटो पाठीमागून काढा, मागून छान येतो. नोकरीपर्यंत जाईल असं नव्हतं वाटलं मला, खरंच. चार लोकांत मान खाली जावी, एवढंच – आल्झो, म्हणजे तेवढं तर हवंच होतं.

मैथिलीच्या खोलीकडे कशाला बघतेस? ती आईच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. आणि सांग ना, सांग कुणाला सांगायचं ते. गेल्या आठ दिवसांत मंडळातल्या किती जणांनी तुझा फोन घेतला? बघ. ज्यांच्या पाठीवर तेच चित्र होतं, तेसुद्धा आता म्हणतात, आम्ही नीट पाहिलंच नव्हतं.

उठलीस? बरं. तुझ्या ध्रुवचं नाव किटामधून, त्या बालवाडीतून काढायला जर्मनमध्ये अर्ज लागतो, अडलं तर विचार, मला येतं ते सगळं. भारतात परत जायची तारीख ठरली की तेवढं कळव, म्हणजे तुम्हा दोघांना ग्रुपमधून काढायला बरं. आणि जिना हळू उतर – रविवार आहे, इथे आवाज केलेला चालत नाही.