यादीत दोरी नव्हती

गाडीतच मुक्काम करणार म्हणता, म्हणून सांगतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ होता. ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी आणि चालक गणपत निलंग्याकडे मेटाडोरमध्येच राहत होतो. औषधे, बॅटरी, जादा चाक, पाण्याचा कॅन, सारे यादीप्रमाणे घेतले होते. खडकाळ वाटेवर कॅन फुटला आणि दुपारी गणपतला ऊन लागून त्याची शुद्ध हरपू लागली. मला गाडी चालवता येत नव्हती. शेजारच्या विहिरीत पाणी होते, पण फार खोल. आणि दोरी आम्ही घेतलीच नव्हती.

माझी हाक ऐकून एक वृद्ध शेतकरी आले. डोक्याचा पटका सोडून ते आमच्या डब्याला बांधू लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. पटक्याच्या प्रतिष्ठेवर मी प्रबंध लिहिला होता.

"मामा, मानाचं वस्त्र आहे हे."

"गडी मरायलाय, सर, अन् तुमी मान सांगायलाव? सोडा हात."

पाणी आले. थोड्या वेळाने गणपतने डोळे उघडले. ओला पटका त्याच्या डोक्याला गुंडाळून मामा उघड्या डोक्यानेच निघाले. मी पटका परत देऊ लागलो.

"ऱ्हाऊ द्या. माझं डोस्कं उन्हाला सरावलंय."

मी तिथेच वाकून त्यांच्या पायांना हात लावला.